देवरामचा रिपोर्ट

पंचवटी, १० नोव्हेंबर

प्रिय तेजू,

फोनवर तुम्ही नुसतं हं-हं करता, त्यापेक्षा लिहून कळवा, असं म्हणून तू फोन ठेवलास. म्हणून हा कागद घेऊन बसलोय. मला श्राद्धाचे मंत्र तोंडपाठ आहेत, कोणत्या पितराला काय सांगायचं तेही ठाऊक आहे, पण जिवंत बायकोला काय लिहायचं ते कोणी शिकवलं नाही. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

गणपतीला म्हणून इगतपुरीला माहेरी गेलीस ती दिवाळीलाही आली नाहीस. सकाळच्या गाडीने नाशिकरोडला येतेस, विम्याच्या ऑफिसात दिवस काढतेस आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातेस. म्हणजे दिवसभर आपण दोघं एकाच गावात असतो. मी इकडे गंगेवर, तू तिकडे नाशिकरोडला, मध्ये फक्त एक रिक्षा. हे मनात आलं की मला जेवण जात नाही.

तुझा प्रश्न एकच आहे. उन्हाळ्यापासून मी तुला शिवत का नाही? त्याला उत्तर आहे, तेजू. पण ते मला एका दमात सांगता येणार नाही, थोडा वळसा घेऊ दे.

घरात सगळे खूश आहेत, हे तुला ठाऊकच आहे. आधी मी कसा होतो! रामकुंडावरची कामं उरकली की धोतर सोडून जीन्स चढवायची, मित्रांबरोबर मिसळ हाणायची, आप्पांनी हाक मारली तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं. आणि आता बघ. माझं ताट वेगळं, वाटी वेगळी, स्टीलचा पेला वेगळा, तो मीच घासतो. झोपायला बाहेरच्या खोलीत चटई. आप्पा चारचौघांत सांगतात की आल्हाद उशिरा का होईना मार्गाला लागला. शेजारच्या काकू तर परवा माझ्या पाया पडायला वाकल्या, मी उडी मारून मागे सरलो. त्यांना वाटलं, केवढं कडक सोवळं! आईने त्या दिवशी माझी दृष्ट काढली.

हल्ली दुपारी जेवून डोळा लागला की एक माणूस येतो. देवराम लहानू सोनवणे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला, गेल्या वर्षी वारला. ऑगस्टमध्ये त्याच्या मुलाने माझ्याकडून वर्षश्राद्ध करून घेतलं. जिवंतपणी मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. स्वप्नात घाटावर दुसरं कोणी नसतं. दुकानं बंद, फुलवाल्यांच्या टोपल्या पालथ्या, आणि पाणी दुधासारखं पांढरं. देवराम पाण्यात पाय सोडून बसलेला असतो. हातात एक लिफाफा असतो. तो म्हणतो, “गुरुजी, मला वाचाया येत नाय. काय लिव्हलंय ते सांगा ना.” मी त्याच्या शेजारी बसतो, पण लिफाफा घेत नाही. मग आम्ही दोघं बराच वेळ पाणी बघत बसतो. जाग येते तेव्हा तळपाय गार पडलेले असतात.

त्या लिफाफ्यात काय आहे ते मला माहीत आहे. तुला पुढच्या पत्रात सांगतो. खरंच सांगतो.

तुझा


पंचवटी, १८ नोव्हेंबर

प्रिय तेजू,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती, कारण मी तरी कुठे काही सांगितलं?

मे महिना आठव. सुट्ट्यांमुळे गंगेवर पाय ठेवायला जागा नव्हती, त्यात पुढच्या कुंभाची कामं निघालेली, निम्म्या पायऱ्या उखडलेल्या. येवल्याकडचं एक कुटुंब अस्थिविसर्जनाला आलं होतं. त्यांच्या मिनीबसचा ड्रायव्हर, प्रफुल्ल नावाचा, त्यांच्या म्हातारीला धरून खाली आणत होता. म्हातारी नीट उतरली आणि हाच शेवाळावरून घसरला. दगडाच्या कडेवर कपाळ आपटलं आणि फुटलं.

मी सगळ्यात जवळ होतो. उपरणं काढलं, त्याच्या कपाळावर दाबलं, आणि उपरणं भिजून गेलं तेव्हा हातानेच दाबून धरलं. माझ्या बोटाला सकाळीच दर्भाने कापलं होतं. आमची बोटं कायम कापलेलीच असतात, त्यात विशेष काही नाही. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, “गुरुजी, हात काढा. मला एचआयव्ही हाय. गोळ्या चालू हायेत, पण तुमी हात काढा.”

मी हात काढला. नुसता काढला नाही, मागे सरलो, आणि ते त्याने पाहिलं. मग दुसऱ्या कोणीतरी त्याला रिक्षात घातलं. मी कुंडात उतरून हात धुतले. हाताभोवतीचं पाणी थोडा वेळ गुलाबी झालं आणि मग सरळ पुढे वाहून गेलं. गंगेला काहीच झालं नाही. मला मात्र ते पाणी अजून दिसतं, तेजू. ताकात दिसतं, आरशात दिसतं, डोळे मिटले तरी दिसतं.

तसाच उठून डॉक्टरकडे जायला हवं होतं. लगेच सुरू केल्या तर काही गोळ्या असतात म्हणे, हे मला फार नंतर कळलं. मी घरी आलो आणि डोक्यावरून अंघोळ केली. आमच्या घराण्यात कशावरही तेवढाच उपाय माहीत आहे.

बाहेर आलो तर तू आमरसाचं पातेलं घेऊन बसली होतीस. बोट बुडवून माझ्या तोंडाजवळ आणलंस, आंबट आहे का बघा म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, नको, मी सोवळ्यात आहे. तुझं बोट तसंच हवेत राहिलं, रस मनगटापर्यंत ओघळला आणि तू तो पदराला पुसलास. मी खोटं बोललो आणि ते इतकं बेमालूम खपलं की दुसऱ्या दिवशीही तेच बोललो. भटाच्या घरात सोवळ्याचं कारण दिलं की पुढे कोणी काही विचारत नाही. दुसऱ्या घरात जन्मलो असतो तर आठवडाभरात पकडलो गेलो असतो.

मला माहीत आहे की ताट-वाटीने हा आजार होत नाही. शिवल्याने होत नाही, कपाने होत नाही. शाळेत पाठ केलंय, बसस्टँडच्या भिंतीवर वाचलंय. माहीत असणं आणि तुझ्या तोंडाला माझा पेला लागलेला बघणं यात काय अंतर आहे, ते मी सहा महिने मोजतोय.

आता तुला कळलं असेल की मी कशाला भीत होतो. पण तुझा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. तपासून का नाही घेतलंत? घेतलं. गंमत पुढेच आहे.

तुझा


पंचवटी, २६ नोव्हेंबर

प्रिय तेजू,

तपासणी तीन महिन्यांनी केली की निकाल पक्का मानतात, असं सगळीकडे लिहिलं होतं. ते तीन महिने मी तुझ्याबरोबर एकाच घरात कसे काढले ते तुला दिसत होतं, फक्त अर्थ लागत नव्हता. तोंड आलं की मोबाइलवर शोधायचो. अंग कोमट लागलं की शोधायचो. चार ओळी वाचून जीव भांड्यात पडायचा आणि पाचव्या ओळीला पुन्हा बाहेर यायचा. तू म्हणायचीस, सोवळ्यात मोबाइल चालतो वाटतं!

ऑगस्टमध्ये मुदत भरली. त्या सकाळी देवरामचं वर्षश्राद्ध होतं. तुला आमच्या कामाची एक गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय. आम्ही जे पाणी सोडतो, जो पिंड ठेवतो, तो नाव आणि गोत्र उच्चारल्याशिवाय कोणालाच पोचत नाही. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची सोय आहे, नावाला तशी सोय नाही. लहानपणी मी एकदा एका यजमानाच्या वडिलांऐवजी काकांचं नाव घेतलं. आप्पांनी भर गर्दीत विधी थांबवला आणि पहिल्यापासून करायला लावला. म्हणाले, पाणी भलत्याच्या ओंजळीत गेलं, ज्याची तहान होती तो तसाच उभा राहिला. ते ऐकून मी दोन रात्री रडलो होतो. मला तो तहानलेला म्हातारा दिसायचा.

तर त्या सकाळभर देवराम लहानू सोनवणे, देवराम लहानू सोनवणे, असं म्हणून झालं. मग शर्ट-पँट घातली, शेंडी टोपीत कोंबली आणि गंगापूर रोडच्या एका लॅबमध्ये गेलो. पंचवटीत जाणं शक्यच नव्हतं, इथे कुत्रीसुद्धा मला गुरुजी म्हणून ओळखतात. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. मी तोंड उघडलं आणि आतून देवराम बाहेर आला. लहानू आणि सोनवणेसकट. वय मात्र मी माझं सांगितलं.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. निगेटिव्ह. मी जिन्यातच भिंतीला डोकं टेकून हसलो, रडलोसुद्धा असेन. पेढे घ्यायचं ठरवलं. तुला काय कारण सांगून पेढा भरवायचा तेही ठरवलं. आणि रस्त्यावर येऊन उजेडात कागद पुन्हा उघडला तर वर नाव देवरामचं.

हसू नकोस. रक्त माझं होतं, सुई मलाच टोचली होती, दंडावर कापूस होता. एवढं कळत होतं. तरी तो निकाल माझ्यापर्यंत आला नाही. देवरामला पोचला आणि मी तसाच उभा राहिलो. मी आणखी दोन लॅबमध्ये जाऊन आलो. एक नाशिकरोडला, तुझ्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. दोन्हीकडे पुन्हा त्याचंच नाव दिलं. नाशिकमध्ये या बाबतीत देवरामइतका निर्धोक मेलेला माणूस सापडायचा नाही.

का दिलं, असं तू विचारशील. पहिल्यांदा चुकून दिलं. नंतरच्या दोन वेळा जाणूनबुजून. कारण माझं नाव सांगितलं आणि उलटा निकाल आला, तर तो मात्र नक्की माझाच असेल. चांगला निकाल नावाशिवाय पोचत नाही आणि वाईट निकालाला नाव द्यायची हिंमत होत नाही. या दोन्हींच्या मध्ये मी चटई टाकून झोपतोय.

स्वप्नातल्या लिफाफ्यात हेच आहे. काल मी तो उघडून देवरामला वाचून दाखवला. तो खूश झाला. म्हणाला, “वय चौतीस? लय झ्याक.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण मला याचा काय उपेग गुरुजी? ज्याला पायजे त्याला द्या की.”

आता सगळं सांगून झालं. यापुढे काय करायचं ते तू ठरव.

तुझा


पंचवटी, ९ डिसेंबर

तेजू,

पोस्टमन रोज दारावरून जातो. मी रोज ओट्यावर असतो. तो आता माझ्याकडे बघून मान हलवतो, विचारावं लागत नाही.

आज प्रफुल्ल आला होता. सकाळी धुकं एवढं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता, देवळांचे नुसते कळस तेवढे वर तरंगत होते. मला आधी वाटलं स्वप्नच चालू आहे. तो पुन्हा एक कुटुंब घेऊन आला होता, पण त्यांच्याबरोबर खाली उतरला नाही. वरच्या पायरीवर सगळ्यांपासून बाजूला उभा होता. कपाळावर भुवईपर्यंत व्रण. मला त्याचं ते उभं राहणं फार ओळखीचं वाटलं. मीही असाच उभा राहतो.

विधी आटोपून मीच वर गेलो. तो चपापला. म्हटलं, चल, चहा घेऊ. टपरीवाल्याने दोन ग्लास भरले, तर प्रफुल्लने खिशातून स्वतःचा स्टीलचा कप काढला. आणि मी पंचपात्राच्या पिशवीतून माझा पेला. दोघांनी एकदमच पुढे केले. टपरीवाला आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

प्रफुल्लने इतके दिवस मनात ठेवलेलं तेव्हाच विचारलं. तुम्ही तपासलंत का, म्हणाला, मला यायचं होतं, पण कोणत्या तोंडाने येऊ? मी सांगितलं, तपासलं, निगेटिव्ह आहे. त्याने डोळे मिटून हात जोडले, गंगेकडे तोंड करून. माझ्या निकालावर मनापासून विश्वास ठेवणारा तो पहिला माणूस, आणि त्याला मी नाव कोणाचं दिलं होतं ते ठाऊक नव्हतं.

मग त्याची नजर माझ्या पेल्यावर गेली. तो म्हणाला, “गुरुजी, कपाने काय होत नाय हे मला माहितीय. गावातली मानसं तोंडं करत्यात म्हनून मी बाळगतो. तुमी कुनासाठी बाळगता?”

चहा गार झाला. निघताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सात महिन्यांत मी आपणहून कोणाला लावलेला तो पहिला हात. तो माणूस एवढा मोठा आजार घेऊन बस चालवतो, पोरांच्या फिया भरतो, हसतो. आणि मी कशाचाच रोगी नसताना घरात लपून बसलोय. मला माझी शरम वाटली आणि तुझी फार आठवण आली. एवढंच लिहायचं होतं.

पण खरं म्हणजे आणखी एक लिहायचं आहे. तुझे बाबा सांगतात ना, इगतपुरीचा घाट चढायचा तर आगगाडीला मागून दुसरं इंजिन लावावं लागतं. मला खऱ्या नावाने जायचं आहे. एकट्याने जमत नाही. दोनदा सरकारी दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन लिंबूपाणी पिऊन परत आलोय. येशील का?

तुझा


पंचवटी, १७ डिसेंबर

प्रिय तेजू,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने लांबूनच हात वर केला.

ओट्यावर बसून वाचलं, मग आत जाऊन वाचलं, मग गच्चीवर. तू चिडली आहेस हे बरं झालं. तू समजूतदारपणे लिहिलं असतंस तर मला भीती वाटली असती.

तुझं एक वाक्य मला दिवसभर बोचतंय. तू लिहिलंस, ‘मला वाटत होतं मी तुम्हाला ओवळी झाले. आरशात बघून विचार करायचे, माझ्यात काय विटाळ आहे? आणि तुम्ही तिकडे स्वतःलाच ओवळं समजून चटईवर पडला होतात.’ तेजू, मी तुला वाचवत होतो, असं मला वाटत होतं. तुला रोज थोडं थोडं कापत होतो, हे मला दिसलं नाही. याबद्दल मी तुझी माफी मागतो. पत्रात मागतो, समोर आल्यावर पुन्हा मागेन.

तू लिहिलंस, शनिवारी सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहते, लिंबूपाणी प्यायचं नाही. बरं. नाही पिणार.

आणि शेवटी लिहिलंस की माझ्या एकाही पत्राखाली माझं नाव नाही. खरं सांगतो, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आत्ता सगळं आठवून पाहिलं. ‘तुझा’ लिहून हात थांबतो. आत्ताही थांबतोय. शनिवारपर्यंत थांबू दे.

तुझा


पंचवटी, ५ जानेवारी

प्रिय तेजू,

तू आत अंघोळीला गेली आहेस, तुझा डबा माझ्यासमोर उघडा आहे, आणि पोळ्यांच्या खाली हा कागद ठेवायचा माझा बेत आहे. शेवटचंही लेखी हवं असा तुझा हट्ट, आणि खाली सही. दुपारी ऑफिसात जेवताना उघड. भाजीचं तेल लागलं तर मला बोल लावू नकोस.

त्या शनिवारचं सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी मला ते माझ्या बाजूने लिहायचं आहे. पुढे कधी मनात काटा सलला तर हा कागद तू मला वाचून दाखवायचास.

तपासणी केंद्रात त्या चैतालीताई होत्या, समुपदेशन करणाऱ्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी आधी सांगितलं की तो ड्रायव्हर नियमित गोळ्या घेत असेल, तर तेव्हाच धोका नसल्यात जमा होता. शिवाय तीन महिन्यांनंतर केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर विषय तिथेच संपतो. मी मान हलवत होतो. हे मी शंभरदा वाचलं होतं. मग त्यांनी पेन उचललं आणि नाव विचारलं.

माझं तोंड उघडलं. जीभ वर गेली आणि टाळूला चिकटली. मला स्पष्ट जाणवलं, आता पुन्हा ‘दे’ बाहेर पडणार. खोलीत पंखा फिरत होता, भिंतीवरची लाल रिबीन हलत होती, आणि खिडकीबाहेर मला गंगेचं पांढरं पाणी दिसायला लागलं. देवराम पायऱ्यांवरून उठून उभा राहिला होता. तो माझ्याकडे बघत होता.

तेव्हा तू बोललीस. लग्न होऊन चार वर्षं झाली. या घरात आईच्या इच्छेखातर तू मला अहो म्हणतेस, आणि एकटे असलो की चिडवायला गुरुजी. तुझ्या तोंडून माझं नाव मी एकदाच ऐकलं होतं, लग्नाच्या दिवशी, उंबऱ्यावर, उखाण्यात. तेही घाईत, पाय पोळत होते म्हणून. त्या खोलीत तू ना उखाणा घेतलास ना लाजलीस. माझ्या हातावर हात ठेवलास आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणालीस, “आल्हाद यज्ञेश्वर क्षेमकल्याणी. गोत्र कौशिक.”

चैतालीताईंनी मान वर केली. म्हणाल्या, गोत्राला इथे रकाना नाही हो. तू म्हणालीस, “तरी लिहा. त्याशिवाय यांना पोचत नाही.”

आणि त्या बाईंनी लिहिलं, तेजू. कडेला, बारीक अक्षरात. मी बघितलं.

निकाल त्याच दिवशी आला. तो वाचताना त्यांनी आधी माझं नाव वाचलं, मग गोत्र, आणि मग ते एक शब्दाचं उत्तर. मला कोणीतरी ओंजळीत पाणी दिल्यासारखं झालं. लहानपणीचा तो तहानलेला म्हातारा मी इतकी वर्षं दुसराच कोणी समजत होतो. मग बाहेर बाकावर तू चहा आणलास, एकच ग्लास, अर्धा प्यालीस आणि माझ्यापुढे धरलास. मी बघत बसलो तर म्हणालीस की गार होतोय. मी प्यालो. साखर फार होती.

सगळा काटा निघाला असं मी म्हणणार नाही. परवा जीभ भाजली तर मोबाइल हातात घेतलाच होता. मग ठेवून दिला आणि तुला हाक मारली. तू आलीस, जीभ बघितलीस, आणि अधाशासारखी मिसळ खाल्ली की असंच होतं म्हणालीस. मला बरं वाटलं. यापुढे असंच करायचं ठरवलंय.

काल सकाळी आप्पा स्वयंपाकघरात डोकावले तेव्हा आपण एका ताटात पोहे खात होतो. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. “सोवळं सुटलं वाटतं,” म्हणाले. मी हो म्हटलं. ते देवघराकडे वळले आणि जाता जाता म्हणाले, “बरं झालं. घर फार गप्प झालं होतं.” त्यांना काय आणि किती कळलं होतं, हे मी विचारलं नाही. एक दिवस विचारीन.

आज पहाटे गंगेवर गेलो तेव्हा आधी देवरामचं काम केलं. ते तिन्ही रिपोर्ट घरीच फाडून चुलीत घातले होते. त्याला नुसतं पाणी दिलं. देवराम लहानू सोनवणे, काश्यप गोत्र, हे तुमचं नाव, मी वापरायला घेतलं होतं, परत करतो, असं मराठीतच म्हणालो. हल्ली दुपारी तो येत नाही. मला त्याची थोडी आठवण येते.

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. तू येशील आता. डबा बंद करतो.

तुझा
आल्हाद यज्ञेश्वर क्षेमकल्याणी